बाराशे चाळीस

४ मार्च, बुधवार
नाडी ८८ (जिना चढून आल्या आल्या मोजली)

बारक्या,

हे पत्र तू उघडणार नाहीस. तुझी बायको उघडेल आणि तू जेवायला बसलास की मोठ्यांदा वाचून दाखवेल, असं धरून लिहिते आहे. पत्ता तिनेच दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तीनदा फोन करून तिचं डोकं खाल्लं.

फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनं सांभाळतोस म्हणे. तुझ्या हाताखाली लॅबमधली नाजूक मशिनं सुतासारखी सरळ चालायची, आणि आता तू सफरचंदं गार ठेवतोस. ठेव बाबा. सफरचंदं उलट बोलत नाहीत.

भांडायला लिहीत नाही. इथे सगळं ठीक आहे. तुझ्या जागी आलेला फिटर गुणी आहे, पण दिवसभर शिट्टी वाजवतो. सोमवारी मी टोपाखाली झोपते, माझा आकडा येतो आणि आठवडा सुरू होतो.

तुझ्या बायकोला यातलं काही सांगितलंस की नाही, कोण जाणे. तर बाईसाहेब, तुमच्यासाठी. आमच्या लॅबमध्ये माणसाला उपाशीपोटी आडवं करतात, डोक्यावर पारदर्शक टोप ठेवतात आणि त्याने किती ऑक्सिजन वापरला ते मोजतात. त्यावरून कळतं की नुसतं पडून राहायलासुद्धा त्याचं शरीर दिवसाला किती कॅलरी जाळतं. आता हे मशीन खरं बोलतंय हे कशावरून? एक, सिलिंडरमधल्या मोजून भरलेल्या वायूवरून. दोन, माझ्यावरून. दर सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी झोपते. माझा आकडा बाराशे चाळीस. अकरा वर्षांत तो दहा-वीसच्या पलीकडे हलला नाही. म्हणून लॅबमध्ये मला किलो म्हणतात. दुकानातला काटा तपासायला वजन ठेवतात ना, तसं. हे नाव तुमच्या नवऱ्यानेच पाडलं.

गेल्या सप्टेंबरात माझा आकडा तेराशे चाळीस यायला लागला. सलग तीन सोमवार. सिलिंडर म्हणत होता, मशीन बरोबर आहे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या डॉक्टर, म्हणाल्या, सिलिंडर जुना असेल, किलो चुकत नाही, स्क्रू फिरवून मशीन तिच्या आकड्याला जुळवा. तुमचा नवरा म्हणाला, फिरवणार नाही. का, ते काही सांगेना. स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि चालता झाला.

बारक्या, तो स्क्रू पाव आटा फिरवला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं? दुसऱ्या माणसाने येऊन फिरवलाच की. आणि मग जो तो म्हणायला लागला की या माणसाला स्वतःची चूक मानता येत नाही, आणि बाकीच्या लॅबनीही तुला बोलावणं बंद केलं. यात माझा काय दोष? तू लहानपणापासून असाच, एकदा हट्टाला पेटलास की पेटलास.

उठून दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आले. पत्र लिहायला बसलं की आजकाल पाय थांबत नाहीत.

उत्तर दे. नाही दिलंस तरी चालेल, पण दे.

ताई


९ मार्च, सोमवार
नाडी ११२

ही जिन्याची नाडी नाही. मी तासाभरापासून खुर्चीत बसून आहे. अक्षर हललेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आज लॅबमध्ये शिंपीकाका आले होते. तू त्यांना पाहिलं नसशील. साठीचे आहेत, जुना दमा. मोठ्या बाईंच्या नव्या अभ्यासातल्या तीस जणांपैकी एक. अभ्यास असा आहे की दम्याचा पंप ओढला की छातीतल्या नळ्या मोकळ्या होतात हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच औषधाने हृदय किती पळतं आणि शरीराचं जळण किती वाढतं, ते बघायचं. सगळ्यांचं एकदा पंप सुरू करण्याआधी, ऑगस्टमध्ये मोजलं. मग पंप सुरू करून काही आठवडे गेल्यावर पुन्हा, पंप ओढल्यानंतर अर्ध्या तासाने.

आकडे आले ते विचित्र. ठोके सगळ्यांचे वाढले. शिंपीकाकांचे सत्तरवरून शहाऐंशी. पण जळण वाढलं नाहीच, उलट शंभराला दोन कमी झालं. मोठ्या बाई गेले चार दिवस कागद घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालताहेत. "इंजिन पळतंय आणि तेल कमी लागतंय, असं कुठे असतं का?" असं भिंतीला विचारतात. ठोके वेगळ्या वायरींवर मोजतात, त्यांचा टोपाच्या मशीनशी काही संबंध नाही, हे तुला ठाऊक आहे. पुढे मी काही लिहीत नाही.

शिंपीकाका माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाई, पंप ओढला की आत कुणीतरी शेगडी फुंकतंय असं वाटतं. अर्धा तास सुईत दोरा जात नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मी दोरा चाटत बसतो. हे औषधानेच होतं ना?"

मी त्यांचा कागद काढला आणि बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, "ठोके थोडे वाढलेत. पण शेगडीचं म्हणाल तर आकडा उलट उतरलाय, काका."

ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग मनाचं असेल माझ्या." कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, आणि मला नमस्कार करून गेले.

सबंध वेळ मी माझे हात टेबलाखाली धरून बसले होते, कारण ते कापत होते. मी सकाळी पंप घेतला होता. हो, दम्याचाच. धुळीने कधीतरी श्वास अडकतो, तेवढ्यापुरता. एवढं काही नाही त्यात.

ताई


१४ मार्च, शनिवार
नाडी ९४

बारक्या, उत्तर नाही. बरं.

"एवढं काही नाही" असं लिहून ते पत्र टाकलं आणि पेटीपासून घरी येईपर्यंत स्वतःच्या नावाने बोटं मोडत आले. आता सांगते. जेवताना वाचून घेऊ नकोस, एकटा वाच.

मला गेल्या जुलैपासून दमा आहे. कुणाला दाखवलं नाही. बसस्टॉपपलीकडच्या औषधाच्या दुकानातून पंप आणते, तिथे मला कुणी ओळखत नाही. टोपाखाली अर्धा तास गप्प पडायचं असतं आणि आवाज आत घुमतो, म्हणून सप्टेंबरात सोमवारी सकाळी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन चार पफ घ्यायला लागले. घरघर दबायची. मी आडवी व्हायचे. हृदय धडधडत असायचं, अंगातून ऊब फिरत असायची आणि आकडा यायचा तेराशे चाळीस. शंभर कॅलरी जास्त. ते मशीन नव्हतं. मी होते.

पहिल्या पत्रात एक गोष्ट गाळली. मोठ्या बाईंनी त्या दिवशी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "किलोबाई, तुमच्यात काही बदल? झोप, चहा, औषध?" तू माझ्याकडेच बघत होतास. मी म्हटलं, "काही नाही." ठोके का वाढलेत असं विचारलं, तर म्हटलं जिना चढून आले. एवढं बोलून झालं आणि तू स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलास.

मग त्यांनी मशीन माझ्या चुकीच्या आकड्याला जुळवलं. शंभराला आठ कमी. आता पुढची गंमत ऐक. आता मी पंप न घेता झोपले तर माझा आकडा साडेअकराशे येणार आणि सगळं उघडं पडणार. म्हणून श्वास लागो न लागो, दर सोमवारी पंप घ्यावाच लागतो. तोही आता रोज लागतो, त्यामुळे शरीर सरावलंय. चार पफांनी आकडा पूर्वीइतका चढत नाही. आता सहा घेते. खोटं टिकवायला डोस वाढवणारी बाई तू कधी पाहिली होतीस का?

आणि मोठ्या बाईंचं कोडं. तीस जणांचे पहिले आकडे स्क्रू फिरवण्याआधीचे, दुसरे त्यानंतरचे. पंपाने जळण वाढलं ते जाऊन बसलं त्या पाव आट्याखाली. उत्तर माझ्या पर्समध्ये निळ्या पंपात आहे, आणि मी त्यांना चहा नेऊन देते आणि म्हणते, "होईल हो, काहीतरी सापडेल."

का लपवलं, विचारशील. तुला आई आठवते? खिडकीशी, उशी पोटाशी धरून, खांदे वर. तू तिच्या पाठीला कान लावायचास आणि ओरडायचास, "ताई, आत मांजर आहे!" ती हसायची आणि हसली की खोकायची. तुला मांजर आठवत असेल. मला आठवतं ते घरातल्यांचं बोलणं. "तिला सांगू नका, तिला झेपणार नाही." "तिला विचारू नका, तिची दमछाक होईल." लग्नकार्यं ठरली, घर बदललं, माझी शाळा बदलली, आणि त्या बाईला कुणी काही विचारलं नाही. आजारापेक्षा मला त्याचीच भीती वाटते. इथे अकरा वर्षं एक सबंध मशीन माझ्यावर बेततात. मला विचारल्याशिवाय आठवडा सुरू होत नाही. ते सोडवत नव्हतं रे.

म्हणून तुझं काम गेलं. लिहिलं एकदाचं.

मोठ्या बाईंना कळवू नकोस. मी बघते काय करायचं ते. कळवशील का? तुला आता कशाला माझी भीड.

ताई


१७ मार्च, मंगळवार
नाडी मोजली नाही

आज नवा फिटर शिट्टी थांबवून माझ्याकडे आला. मशीनमागच्या खणातलं रजिस्टर त्याच्या हातात होतं. तेच, जाड पुठ्ठ्याचं. दर सोमवारी फिटरने सिलिंडरचा आकडा, माझा आकडा आणि शेरा लिहायचा आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. जुन्या नोंदी चाळत होता. मला म्हणाला, "किलोबाई, लॅबमध्ये कधी मांजर शिरलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही बा. का?"

"हे बघा ना."

पंधरा सप्टेंबर, सोमवार. तुझं अक्षर. "सिलिंडर बरोबर. यंत्र ठीक. टोपाखाली मांजर आहे."

त्याच्या खाली माझी सही.

मी तिथेच स्टुलावर बसले. तो बिचारा पाणी आणायला धावला.

बारक्या, मी वाचलं नव्हतं. आईशपथ वाचलं नव्हतं. अकरा वर्षं मी त्या रजिस्टरवर न वाचता सही केली आहे, कारण त्यात असणार काय, माझाच आकडा! चप्पल घालता घालता, पर्स काखेत धरून, उभ्या उभ्या. सहीचा शेवटचा फराटा बघ, पानाबाहेर गेलाय.

आणि तू काय समजलास ते आता कळतंय. तू टोपाजवळ बसायचास, तुला माझा श्वास ऐकू आला. चारचौघांत बोलला नाहीस. फक्त मला कळेल अशा शब्दांत लिहिलंस आणि आठवडाभर वाट पाहिलीस. तुझ्या लेखी मी ते वाचलं, खाली सही ठोकली आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावर म्हटलं, "काही नाही." तरीही तू तोंड उघडलं नाहीस. स्क्रू फिरवला नाहीस आणि माझं नावही घेतलं नाहीस.

सहा महिने मी लोकांना सांगत फिरले की माझा भाऊ हट्टी आहे.

मला बसवत नाही. घरभर फिरते आहे. हे पत्र तीन ठिकाणी लिहिलंय, ओट्यावर, पलंगावर आणि आता दाराशी.


२३ मार्च, सोमवार
नाडी ७४, नंतर ११६

सांगितलं.

आज सकाळी पंप न घेता गेले. काल संध्याकाळपासून घेतला नव्हता. मोठ्या बाईंना म्हटलं, आज तुम्ही स्वतः बसा माझ्याजवळ. त्या म्हणाल्या, "काय विशेष?" मी म्हटलं, "तुमचं कोडं सुटणार आहे." आणि टोपाखाली गेले. तू लिहिलेलं मांजर तिथे होतं, मलाही स्पष्ट ऐकू आलं. अर्ध्या तासाने आकडा आला अकराशे अठ्ठेचाळीस. नव्या फिटरचा चेहरा पडला, त्याला वाटलं आता त्याची पाळी.

मग मी उठून बसले, पर्समधून पंप काढला आणि त्यांच्यासमोर सहा पफ घेतले. पुन्हा आडवी झाले. नाडी चढत गेली, हात कापायला लागले, अंग आतून तापलं. आकडा आला बाराशे अडतीस.

मोठ्या बाई दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हटलं, "बाई, ओरडा ना." तर त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या पाठीला लावला. "किती दिवसांपासून?" "जुलैपासून." "कुणाला दाखवलंत?" "नाही." तेव्हा ओरडल्या. जुळवणीचं किंवा अभ्यासाचं काही बोलल्या नाहीत. सहा पफ घेऊन धडधडत्या छातीने जिने चढता, हृदयाचे ठोके चुकले असते एखाद्या दिवशी, म्हणून ओरडल्या. मला रडू फुटलं. त्या बाईंपासून मी घाबरून लपवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाला माहीत होतं?"

"हो."

"मग त्याने सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. मी सही केली आहे." आणि मी त्यांना रजिस्टर दाखवलं. मांजर म्हणजे काय तेही सांगितलं. आईचं सगळं सांगितलं.

दुपारपर्यंत त्यांनी तीस जणांचे आकडे आठाने वर करून पाहिले. पंपाने जळण शंभराला सहाच्या आसपास वाढलं आहे, ठोक्यांच्या बरोबरीने. हेच यायला हवं होतं. तुला काम देणं बंद केलेल्या प्रत्येक लॅबला त्या पत्र लिहिताहेत: चूक फिटरची नव्हती, आमची होती. मसुदा मला वाचायला दिला. मी दोनदा वाचला. "आमची" खोडून तिथे "किलोची" लिहा म्हटलं, तर म्हणाल्या, "एवढा मान नाही मिळायचा तुम्हाला. सिलिंडर सोडून माणसावर विश्वास मी ठेवला." मी आता किलो नाही. यापुढे सिलिंडरवरच जुळवायचं ठरलं. मला छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं आहे, रोज घ्यायचं वेगळं औषध देणार आहेत, म्हणजे निळा पंप अडीनडीलाच लागेल.

शिंपीकाकांना बोलावून घेतलं. त्यांचा खरा आकडा दाखवला. म्हटलं, "काका, शेगडी खरी आहे. तुमच्या मनाचं नव्हतं. मी चुकीचा कागद दाखवला, आणि मला ते माहीत होतं."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमचे हात टेबलाखाली होते त्या दिवशी. मी शिंपी आहे बाई, मला आधी हात दिसतात." एवढंच म्हणाले. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायचं तोंड नव्हतं. त्यांनाही मोठ्या बाईंनी रोजचं औषध लावून दिलं. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो का पंपानंतर? मी नाही म्हटलं. तर म्हणाले, "अर्धा तास थांबायचं. मी बटणांचं काम तोवर बाजूला ठेवतो."

आता एकच उरलंय. तो स्क्रू. नवा फिटर हात लावायला निघाला होता, मी त्याला अडवलं. मोठ्या बाईंना म्हटलं, तो ज्याने फिरवायला नकार दिला, त्यालाच उलटा फिरवायला बोलवा. त्या म्हणाल्या, "तो येईल?" मी म्हटलं, "माहीत नाही."

येशील? मशीन तोवर बंद ठेवलंय. लोकांच्या तारखा पुढे ढकलल्या आहेत. तुझा स्क्रूड्रायव्हर माझ्या खणात आहे, सप्टेंबरपासून. मी तो कुणाला वापरू दिला नव्हता. का, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

ताई


२९ मार्च, रविवार
नाडी ८०

तुझं कार्ड काल आलं. सहा महिन्यांत पाच शब्द. "सोमवारी आठला येतो. चहा नको."

आधी वाटलं, माझ्या हातचा चहासुद्धा नको झाला तुला. घरभर फिरले, तुझ्या बायकोला फोन लावला, तिला वाचून दाखवलं. ती हसायला लागली. म्हणाली, "ताई, त्यांना नको असं नाही हो. तुम्ही पिऊ नका. उपाशीपोटी झोपायचं असतं ना तुम्हाला?"

म्हणजे मी टोपाखाली झोपावं अशी तुझी इच्छा आहे. किलो नसले तरी. मोठ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "झोपा की. आकडा कशाला वापरणार नाही, पण झोपा."

रोजचं औषध सुरू होऊन पाच दिवस झाले. मांजर अजून आहे, बारीक आवाजात. तुला ऐकू येईल. ते लपवायला मी काही घेणार नाही.

हे पत्र पोचेपर्यंत तू इथे असशील, म्हणून टपालात टाकत नाही. रजिस्टरमध्ये उद्याच्या पानावर ठेवते. पान कोरं आहे. तारीख घातली आहे, रकाने आखले आहेत, माझ्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे. तू सिलिंडर बघ, स्क्रू फिरव, माझा आकडा लिही, आणि शेऱ्यात तुला जे लिहायचं असेल ते लिही. कितीही लांब लिही.

मी चष्मा घेऊन येते. आधी वाचीन, मग सही करीन.

ताई